पत्र्यावरचा हात

मी काय काम करते, हे जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या कोणालाही आजपर्यंत धड समजलेलं नाही. माझ्या खोलीखाली कोचिंग क्लास चालतो. तिथल्या मॅडम मला 'कार्टूनवाली दीदी' म्हणतात. म्हणोत बापड्या. कार्टून मी बनवत नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्या मला तयार मॉडेलं पाठवतात. घर, ट्रक, पूल, माणूस, जे हवं ते. आकार अगदी बरोबर, पण अंगावर काही नाही, नुसतं करडं. त्याच्यावर मी कातडी चढवते. विटांचा रंग, पत्र्याचा गंज, काचेवरची धूळ, झिजलेली टाच. याला आमच्यात टेक्स्चर म्हणतात. फोटो काढायचे, कापायचे, मॉडेलवर नीट बसवायचे, की करडा डबा खरा ट्रक दिसायला लागतो. बारा वर्षं मी हेच करते आहे, आणि चांगलं करते. माझं डोकं मात्र लवकर तापतं, आणि डोकं तापलं की मी घाई करते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या घाईचा वाटा मोठा आहे.

सुखराम काका माझे सख्खे काका नव्हेत. माझे बाबा, अंबादास, फॅक्टरीत कामाला होते आणि काका त्यांचे जिगरी दोस्त. मी बारावीत असताना बाबा गेले. त्यानंतर घरात गॅस संपला तरी आई आधी काकांकडे निरोप धाडायची. माझ्या ऍनिमेशनच्या कोर्सला नागपूरला ऍडमिशन घ्यायला काकाच आले होते, माझी पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन. तिथल्या सरांनी विचारलं, हे मुलीचे वडील का? काका म्हणाले, "हो जी." मला ते आवडलं होतं.

काका जबलपूर ते सिहोरा खाजगी बस चालवायचे. एकतीस वर्षं. त्यांच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती, असं लीलाबाई काकू सगळ्यांना सांगत. मग एका वर्षी जानेवारीत, मटारच्या दिवसांत, सिहोऱ्याच्या अलीकडच्या एका बाजारगावात त्यांच्या गाडीखाली माणूस गेला.

झालं ते असं. भर दुपारी बस थांब्यावर उभी होती, इंजिन चालू. कंडक्टर गुणवंत टपावर चढून मटारची पोती बांधत होता. या रस्त्यावरचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. कंडक्टरनं पत्र्यावर एकदा हात मारला की थांबायचं, दोनदा मारला की चलो. दार डावीकडे, म्हणून कंडक्टरही डावीकडे, म्हणून आवाजही डावीकडून येणार. काकांना दोनदा पत्रा वाजलेला ऐकू आला. त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी काढली. गुणवंत टपावरून बोंबलला, "अरे रोको, मैंने नहीं मारा!" तोवर मागच्या चाकाखाली हल्के पटेल नावाचा म्हातारा गेला होता. सायकलवर एक पोतं घेऊन बाजाराला आला होता. गाडी पुढे सरकल्यावर तो रस्त्याच्या मधोमध सापडला. पत्रा त्यानंच वाजवला होता, मला चेपू नका, थांबा म्हणून. पण तो गाडीच्या कुठल्या बाजूला होता, हे कोणी पाहिलं नव्हतं. पॅसेंजर पेंगत होते. बाजारातले दहा लोक दहा गोष्टी सांगत होते.

आणि सगळं त्या बाजूवरच अडलं होतं. पोलिसांची केस आपली चालायची तशी चालणार होती. पण या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची एक युनियन आहे. माणूस मेला की तिथले पाच जुने ड्रायव्हर बसतात आणि ठरवतात, चूक ड्रायव्हरची की नशिबाची. चूक ड्रायव्हरची ठरली की त्या रस्त्यावर त्याला पुन्हा कोणी चावी देत नाही. काका म्हणत, आवाज डावीकडून आला. डावीकडून दोनदा वाजलं तर कुठलाही ड्रायव्हर गाडी काढेलच, त्यात कोणाचा दोष? पण म्हातारा उजवीकडे, ड्रायव्हरच्या खिडकीशी असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. उजवीकडून कंडक्टर कधीच पत्रा वाजवत नाही. ते न कळलेला ड्रायव्हर ड्रायव्हरच नव्हे.

काका तीन महिने घरी बसून होते. मी एकदा गेले तर खाटेवर बसलेले, आणि उजवा पाय ब्रेक दाबावा तसा जमिनीवर आपोआप दाबत होते. काकू हळूच म्हणाल्या, "हेमा, हे असंच चालू आहे दिवसभर. बोलत नाही, जेवत नाही. यायले जर का चावी नाही भेटली ना, तर हे काही जगत नाही, पहाय तू."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ते कॉम्प्युटरमधी गाड्या बनवते ना? तर मग माही गाडी बनव. त्या पाच जणायले दाखवू. तोंडानं सांगून सांगून थकलो मी."

"काका, मी वापरते ते गेमचं इंजिन आहे, गेम चालवायचा प्रोग्राम."

"इंजिन आहे न? मग झालं तर."

मला हसू आलं, आणि रडूही. मी हो म्हटलं.

बसचं मॉडेल मी विकत घेतलं, तर ते परदेशी निघालं. दार उजवीकडे, ड्रायव्हर डावीकडे. दार भरून काढायचं, दुसरीकडे पाडायचं, सीट हलवायची, यात दोन दिवस गेले आणि माझं टाळकं पार सटकलं. वर पहिल्यांदा उघडलं तेव्हा कातडी सापडत नाही म्हणून इंजिननं सगळी बस भडक गुलाबी दाखवली. काका शेजारीच बसले होते. म्हणाले, "हे काय, कोणाची बारात चालली?" तीन महिन्यांत तेवढंच ते हसले असतील.

खरी अडचण पुढे होती. मालकानं गाडी दुरुस्त करून, नवा रंग देऊन दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती कधीच दिली होती. मी जाऊन चारही बाजूंचे फोटो काढले, पण घासल्याचा मागमूस नव्हता. मग ती रंगवणाऱ्या, सदर बाजारातल्या पेंटरकडे गेले. त्यानं रंग जुळवायला म्हणून आधीचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवला होता. जवळून काढलेला, दार नाही, खिडकी नाही, नुसता हातभर पत्रा. क्रीम रंग, त्यावरून तिरका जाणारा निळा पट्टा, पट्ट्याखाली सायकलच्या हँडलचा लांब ओरखडा. आणि ओरखड्याच्या वर, पत्र्यावरच्या जाड धुळीत, एक हात उमटलेला. तळवा, अंगठा आणि दोन बोटं. उरलेली दोन नव्हती.

पेंटर म्हणाला, "दीदी, इसको पोंछने का मन नहीं हुआ. पहले फोटो निकाला, फिर धोया."

हा फोटो गाडीच्या कुठल्या बाजूचा, हे मी त्याला विचारलंच नाही. काकांनी डावी बाजू सांगितली होती ना. विषय संपला.

घरी येऊन मी तो फोटो बसच्या डाव्या अंगावर बसवायला घेतला, तर बसेना. त्या गाडीचा निळा पट्टा दोन्ही अंगांना पुढच्या चाकाकडे चढत जातो. फोटोतला पट्टा डाव्या अंगावर ठेवला की मागच्या चाकाकडे चढायचा. आता आमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात? फोटो आडवा उलटा करतात, आरशात दिसतो तसा. एक बटण. दिवसातून वीस वेळा करतो आम्ही, झाडाच्या सालीला, भिंतीला, गवताला. त्यात कोणी विचार करत बसत नाही. मीही केला नाही. बटण दाबलं, पट्टा पट्ट्याला जुळला, मी "हुश्श" म्हटलं आणि चहा ठेवला.

फिल्म सुरेख झाली होती, खोटं काहून बोलू. दुपारचं ऊन, पोत्यांची गर्दी, उभी बस, डाव्या बाजूनं सायकलवर येणारा म्हातारा. चेहरा मी दिला नव्हता. तो द्यायची माझी हिंमत झाली नाही. पत्रा दोनदा वाजतो, बस निघते, आणि शेवटी नुसतं बसचं डावं अंग दिसतं, ओरखडा आणि धुळीतला तो हात.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी जुन्या बसस्टँडजवळच्या युनियनच्या खोलीत बैठक झाली. पाच जुने ड्रायव्हर, त्यांचे म्होरके दुबेजी, गुणवंत, काका आणि मी. शिवाय हल्के पटेलांचा मुलगा कोमल. तिशीचा, शेतकरी, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. दुबेजींनीच त्याला बोलावलं होतं. म्हणाले, ज्याचा बाप गेला त्याच्यासमोर काय ते होऊ द्या. मला ते पटलं.

फिल्म संपली. मग एक जुना ड्रायव्हर म्हणाला, "दो बार बजा, दरवाजे की तरफ से. हम भी निकाल देते गाड़ी." दुसऱ्यानं मान डोलावली. काकांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला असेल. मी त्यांच्याकडेच बघत होते. इतकं बरं वाटलं मला की काय सांगू! वाटलं, बाबा, पाहा, तुमच्या दोस्तासाठी तुमची पोरगी कामाला आली.

तेवढ्यात कोमल उठून लॅपटॉपपाशी आला. वाकून त्या हाताकडे बघत राहिला.

"दीदी," तो म्हणाला, "जे हाथ हमारे बाप का नहीं है."

मी म्हटलं, "भैया, फोटो असली है. पेंटर ने खुद खींचा है."

"उँगलियाँ तो वही हैं. दो उँगली चारा काटने की कुटी मशीन में कट गई थीं, हम छोटे थे तब. मगर सीधे हाथ की कटी थीं." त्यानं स्वतःचा उजवा हात, तळवा स्क्रीनकडे करून, समोर उभा धरला. मग डावा धरला. डाव्याचा अंगठा चित्रातल्या अंगठ्याच्या बाजूला आला. "जे तो उल्टा हाथ है. बाप का उल्टा हाथ तो पूरा था."

मला एका क्षणात सगळं कळलं. आणि खोलीत फक्त मलाच कळलं होतं. फोटो मी उलटा केला, म्हणून उजवा हात डावा दिसतो आहे. फोटो सुलटा केला की हात बरोबर होईल. पण मग पट्टा डाव्या अंगावर बसणार नाही. तो बसेल उजव्या अंगावर, काकांच्या खिडकीमागे.

दुबेजींनी विचारलं, "क्या बात है, बिटिया?"

तोंडाशी आलं होतं. फोटो खराब आहे म्हणायचं, कॉम्प्युटरची गडबड म्हणायचं. कोणाला काय समजणार होतं? टेक्स्चर कशाला म्हणतात हेही तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. काका माझ्याकडे अशा विश्वासानं बघत होते की मला त्यांचाच राग आला. का खोटं सांगितलंत मला? माझ्या कामाला का असं वापरलंत? आम्ही लहानपणापासून विहारात पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणून हात जोडतो; पण ते म्हणताना समोर असा आपला माणूस बसलेला नसतो. आणि या बाजूला कोमल, बापाचा हात चुकीचा दाखवला म्हणून नुसता गोंधळून उभा. त्यानं आवाजसुद्धा चढवला नव्हता. चढवला असता तर मी कदाचित भांडले असते.

"फोटो मी उलटा केला होता," मी म्हणाले. आधी मराठीत, मग हिंदीत. "बसत नव्हता म्हणून. माझी चूक आहे."

मी बटण दाबलं. हात उजवा झाला. मग तो तुकडा उचलून मी बसच्या उजव्या अंगावर नेला. पट्टा पट्ट्याला असा जुळला की मध्ये रेघसुद्धा दिसेना.

कोमलनं त्या हातावर, स्क्रीनवरच, आपली बोटं टेकवली. "हाँ," म्हणाला. "अब है."

खोलीत एकच गलका झाला. कोणी म्हणालं सामने से आ रहा था, कोणी म्हणालं खिड़की के पास था तो दिखा कैसे नहीं. गुणवंत मान खाली घालून बसला. काका उभे राहिले.

"हेमा, हे काय करून राहिली तू? डावीकडूनच वाजलं होतं. मी माह्या कानानं ऐकलं. बाबासाहेबाची आण घेऊन सांगतो, पोरी, डावीकडूनच!"

"काका, बस झालं!" मी ओरडले. "किती खोटं बोलाल? अजून किती?"

इतक्या लोकांत मी त्यांना असं बोलले. बाबांच्या जागी होते ते माझ्या.

दुबेजी म्हातारे, पंचाहत्तरीचे. ते काकांकडे बराच वेळ बघत राहिले, मग हातानं सगळ्यांना गप्प केलं. काकांना म्हणाले, "सुखराम, उधर दीवार की तरफ मुँह करके खड़े हो जाओ." काका उभे राहिले. दुबेजी पाय न वाजवता त्यांच्या मागे उजवीकडे गेले. तिथे युनियनचं लोखंडी कपाट होतं. त्यांनी कपाटाच्या पत्र्यावर दोनदा हात मारला.

काकांनी चटकन मान वळवली. डावीकडे.

डावीकडे नुसती भिंत होती. काका तिकडे शोधत होते. "कोण आहे?" त्यांनी विचारलं.

दुबेजींनी पुन्हा दोनदा पत्रा वाजवला, आधीपेक्षा जोरात. काका पुन्हा डावीकडेच वळले, आता पूर्णच, आणि त्यांची पाठ दुबेजींकडे झाली. मग काकांनी आमची तोंडं पाहिली, आमच्या नजरा जिकडे होत्या तिकडे हळूहळू वळले, आणि कपाटावर हात ठेवून उभे असलेले दुबेजी त्यांना दिसले.

"कब से?" दुबेजींनी विचारलं.

"उजवा कान थोडा भारी आहे," काका म्हणाले. "दोन-चार वर्षं झाले. खिडकीच्या बाजूचा कान आहे, वारा न हॉर्न सगळं त्यातच. सगळ्या ड्रायव्हरायचा होते."

"भारी नहीं है, सुखराम. बंद है. एक कान से आदमी को आवाज सुनाई देती है, किधर से आई ये नहीं पता चलता. उसको सब उसी तरफ से लगता है."

काका खोटं बोलत नव्हते. एक अक्षर खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे ऐकलं तेच सांगितलं होतं, आणि मी त्यांना सगळ्यांसमोर खोटारडं ठरवलं होतं.

काका कोमलसमोर गेले. हात जोडायला उचलले, पण ते मध्येच राहिले. "बेटा," ते हिंदीत म्हणाले, "तेरे बाप ने मेरे बाजू में ही हाथ मारा था. मैं समझा, चलने को बोल रहे हैं."

कोमलनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो पुसत नव्हता. "वो रुकने को बोल रहे थे, चाचा," तो म्हणाला.

पाच जणांना ठरवायची वेळच आली नाही. काकांनी खिशातून लायसन्स काढलं आणि स्वतःच टेबलावर ठेवलं. एकतीस वर्षं जपलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. दुबेजींनी ते उचललं नाही. तिथेच राहू दिलं, आणि उठून काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

आम्ही ऑटोनं परत निघालो. मी आधी चढले होते, म्हणून काकांच्या उजवीकडे बसले होते. मला जे बोलायचं होतं ते मी सदर येईपर्यंत मनात घोळवत राहिले, आणि मग एका दमात बोलून टाकलं. म्हटलं, काका, मला माफ करा. मी तुम्हाला खोटं म्हणायला नको होतं. मी काकूंना काय तोंड दाखवू? मी रडतच होते. काका समोर रस्त्याकडे बघत होते, शांत. मला वाटलं, आता हे माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत. मग लक्षात आलं की त्यांना ऐकूच गेलेलं नाही.

मी ऑटो थांबवायला सांगितला. उतरले, पलीकडून गेले, काकांना सरकायला लावलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले. ऑटोवाला बघतच राहिला. मी सगळं पुन्हा म्हणाले, पहिल्यापासून.

काकांनी माझा हात हातात घेतला. "तू काहून रडते, बेटा? तुनं बरोबर केलं. त्या पोराले त्याच्या बापाचा हात भेटला." त्यांचा उजवा पाय ऑटोच्या पत्र्यावर दाबलेला होता, मला दिसत होता. मग म्हणाले, "पण तुले खरं सांगू? आता मले सगळं समजलं. दुबेजीनं दाखवलं, तुनं दाखवलं. तरी डोळे मिटले ना, का तो पत्रा वाजते. दोनदा. आणि अजूनही डावीकडूनच वाजते."